शून्य ॲम्पिअरला ०.६७: एलएम३५८ च्या सबसर्किटचं एक प्रकरण

बॅटरीतून काहीही प्रवाह वाहत नसताना डिस्प्लेवर ०.६७ ॲम्पिअर दिसत होते. आणि खरा प्रवाह ४ च्या पुढे गेला, तरी आकडा ३.९ वर अडकून बसत होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाचा हा प्रकल्प: १२ व्होल्टच्या बॅटरीचा ० ते ५ ॲम्पिअर प्रवाह मोजायचा आणि आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर दाखवायचा. सिम्युलेशनमध्ये आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ येत होता, बोर्डावर मात्र तो दोन्ही टोकांना सपाट. "सर, सिम्युलेशन बरोबर आहे, बोर्डच खराब आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. इथे मांडतोय ते मुख्यतः त्या वाक्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल.

सर्किट अगदी साधं. बॅटरीच्या ऋण बाजूला १० मिलिओहमचा शंट, म्हणजे प्रवाह मोजायला वाटेत बसवलेला अगदी लहान रोध. ५ ॲम्पिअरला त्यावर ५० मिलिव्होल्ट पडतात. ते वाढवायला एलएम३५८ या दोन ऑप-ॲम्पांच्या (व्होल्टेजमधला छोटा फरक वाढवणाऱ्या) आयसीचा अर्धा भाग, नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत, ९१ किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणजे गेन (किती पट वाढ) ९२. पुरवठा आर्डुइनोचाच ५ व्होल्ट. हिशेबाने ५ ॲम्पिअरला ४.६ व्होल्ट यायला हवेत, दर ॲम्पिअरला ०.९२ व्होल्ट. बोर्डावर मल्टिमीटरने घेतलेला आलेख असा होता: शून्यापासून साधारण ०.५५ ॲम्पिअरपर्यंत आउटपुट ०.६२ व्होल्टवर निश्चल, मग बरोबर ०.९२ च्या उताराची सरळ रेघ, आणि ३.८ ॲम्पिअरच्या आसपास ३.६ व्होल्टला टेकून पुन्हा सपाट.

गटाने आधी शंट बदलला. मग आयसी बदलला. ऑफसेट, म्हणजे ऑप-ॲम्पच्या दोन इनपुटांतला अंगभूत फरक, जास्त असेल, असा त्यांचा अंदाज होता, आणि तो अगदीच हवेतला नव्हता. एलएम३५८ चा इनपुट ऑफसेट सहसा २-३ मिलिव्होल्ट असतो, पण डेटाशीट ७ पर्यंतची मुभा ठेवते, आणि ७ गुणिले ९२ म्हणजे ६४४ मिलिव्होल्ट. मोजलेल्या ०.६२ च्या इतक्या जवळ जाणारं उत्तर मिळालं की कुणालाही तिथेच थांबावंसं वाटतं. फक्त आलेख नीट बघितला नव्हता. ऑफसेट असता तर सगळी रेघच वर सरकली असती, सुरुवातीपासून तिरपी. इथे सुरुवात सपाट होती आणि पुढे रेघ आपल्या जागी जवळजवळ परत येत होती. नवा आयसीही तेच दाखवू लागला, तेव्हा रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय हे स्पष्ट झालं. मग सिम्युलेशनची फाईल उघडली.

फाईलमध्ये काय होतं

सॉफ्टवेअर होतं एनजीस्पाइस, स्पाइस या जुन्या सर्किट-सिम्युलेटरची मुक्त आवृत्ती, आणि ते वापरायचं दार होतं ईसिम, म्हणजे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सर्किटची चित्रं काढायचं कायकॅड आणि एनजीस्पाइस यांची मोट बांधून तयार केलेलं मुक्त साधन. राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांत ते पोचलंय. सोय म्हणून ते उत्तम आहे. पण चित्रावरून तयार होणारी नेटलिस्ट (कोणता घटक कुठे जोडलाय याची मजकुरातली यादी) उघडून वाचायची सवय त्यामुळे लागत नाही, आणि या प्रकरणात सगळं काही नेटलिस्टमध्येच होतं. (खाली नेटलिस्टच्या ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत. फाईलमध्ये त्या अर्थातच रोमनमध्ये जातात.)

ऑप-ॲम्प म्हणून गटाने स्वतः लिहिलेलं सबसर्किट होतं, तीन ओळींचं:

.सबसीकेटी ऑपॅम्प इनपी इनएन आउट
ई१ आउट ० इनपी इनएन १००के
.एंड्स

'ई' म्हणजे व्होल्टेजवर चालणारा व्होल्टेज स्रोत. दोन इनपुटांतला फरक एक लाखाने गुणून आउटपुटवर ठेवतो. त्याला पुरवठ्याच्या पिना नाहीत, म्हणून ५ व्होल्टची मर्यादा त्याला ठाऊक नाही. ५ ॲम्पिअरऐवजी ५०० दिले असते तर त्याने ४६० व्होल्टही विनातक्रार दिले असते. या सबसर्किटात चूक काहीच नाही. गेनचा हिशेब पडताळायला ते पुरेसं आहे, आणि रेघ सरळ येणारच होती, कारण वाकायला लावणारं काही आत ठेवलेलंच नव्हतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

स्पाइसमध्ये नवखा माणूस दोन गोष्टींची सरमिसळ करतो: मॉडेल आणि सबसर्किट. '.मॉडेल' ही ओळ सिम्युलेटरमध्ये आधीच कोरलेल्या समीकरणांना आकडे पुरवते. डायोड, द्विध्रुवी ट्रान्झिस्टर, मॉसफेट यांची समीकरणं प्रोग्रॅममध्येच आहेत. आपण फक्त सांगायचं की या ट्रान्झिस्टरचा संपृक्तता प्रवाह आयएस इतका, बीटा म्हणजे बीएफ इतका. जो आकडा सांगणार नाही तो गृहीत धरला जातो: आयएस १०⁻¹⁶ ॲम्पिअर, बीएफ १००, अर्ली व्होल्टेज अनंत, कपॅसिटन्स शून्य. '.सबसीकेटी' मात्र नवं समीकरण आणत नाही. ती आधीच्या घटकांची जुळणी एका नावाखाली बांधते आणि बाहेर ठरावीक टोकं काढून देते. ट्रान्झिस्टर 'क्यू' ने बोलावतात, डायोड 'डी' ने, मॉसफेट 'एम' ने, सबसर्किट 'एक्स' ने.

हा भेद कागदी नाही, हे याच बोर्डाने दाखवलं. लोड चालू-बंद करायला एक पॉवर मॉसफेट होता. त्याच्या उत्पादकाची फाईल गटाने उतरवून घेतली आणि 'एम' ने बोलावली. सिम्युलेटर म्हणे असं मॉडेल सापडत नाही. फाईल तर समोर, नावही बरोबर! उत्पादकाने मॉसफेट तीन टोकांचं सबसर्किट म्हणून दिला होता, आत चॅनल, बॉडी डायोड, गेटचा रोध, पायांच्या तारांचं इंडक्टन्स असं सगळं. 'एम' मात्र '.मॉडेल' शोधतो, आणि त्याला ड्रेन, गेट, सोर्स, बल्क अशी चार टोकं लागतात. 'एम' चा 'एक्स' केला, बल्क काढलं, काम झालं. निदान इथे सिम्युलेटरने तक्रार तरी केली.

पाच टोकं, कुठला क्रम?

पुढची पायरी सरळ होती: खऱ्या एलएम३५८ चं, उत्पादकाने दिलेलं मॅक्रोमॉडेल, म्हणजे बाहेरून दिसणारं वागणं तेवढं साधणारं सोपं रूप, घ्यायचं. असली मॉडेलं पिढीजात चालत आलेली आहेत. स्पाइस बर्कलीला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलं. १९७४ मध्ये बॉयल, कोन, पेडरसन आणि सॉलोमन यांनी ७४१ या ऑप-ॲम्पसाठी एक मॅक्रोमॉडेल मांडलं. आयसीतले सगळे ट्रान्झिस्टर सोडवत बसायला तेव्हाच्या संगणकांना परवडत नसे. म्हणून त्यांनी इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर तेवढे खरे ठेवले, बाकीची कामं नियंत्रित स्रोत, रोध, एक-दोन कपॅसिटर आणि मर्यादा घालणारे डायोड यांच्यावर सोपवली. जुन्या ऑप-ॲम्पांची जी मॉडेलं आजही उतरवायला मिळतात, त्यांतली पुष्कळशी याच साच्यातली आहेत. आमची फाईलही तशीच. पहिली ओळ:

.सबसीकेटी एलएम३५८ १ २ ३ ४ ५

गटातल्या विद्यार्थिनीने आयसीचं चित्र समोर ठेवलं आणि पिनांच्या क्रमाने एक्सची ओळ लिहिली: पिन १ आउटपुट, पिन २ इन्व्हर्टिंग, पिन ३ नॉन-इन्व्हर्टिंग, पिन ४ ग्राउंड, पिन ८ पुरवठा. पाच टोकं, पाच नोड, सिम्युलेशन बिनबोभाट चाललं. आउटपुट मात्र शून्याजवळ आडवं.

सबसर्किटाच्या ओळीतल्या १ ते ५ चा आयसीच्या पायांशी काही संबंध नाही. ती नावं आहेत, आकड्यांच्या रूपातली. फाईलच्या वर, तारांकित टिप्पणीत, क्रम दिलेला होता: नॉन-इन्व्हर्टिंग, इन्व्हर्टिंग, धन पुरवठा, ऋण पुरवठा, आउटपुट. आता दोन्ही क्रम शेजारी ठेवून पाहा. २ दोन्हीकडे इन्व्हर्टिंग. ४ दोन्हीकडे खालचा पुरवठा. म्हणजे पाचांपैकी दोन योगायोगाने जुळतात, आणि कुणी उडती नजर टाकून तपासलं तर याच दोन जुळलेल्या दिसतात. उरलेल्या तिघांची अदलाबदल: आमचं आउटपुट मॉडेलच्या नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटवर, शंटचे ५० मिलिव्होल्ट मॉडेलचा धन पुरवठा म्हणून, आणि मॉडेलचं आउटपुट थेट ५ व्होल्टच्या स्रोतावर. सिम्युलेटरच्या दृष्टीने यात वावगं काहीच नाही. प्रत्येक नोडचं समीकरण सुटतंय, उत्तर येतंय. सबसर्किट जोडताना नाव जुळवलं जात नाही, फक्त जागा जुळवली जाते. टोकांची संख्या चुकली तर सिम्युलेटर बोंब ठोकतो, क्रम चुकला तर गप्प.

क्रम सुधारला. आउटपुट तरीही शून्याजवळ, काही मिलिव्होल्ट.

इथे गटाचा मॉडेलवरचा विश्वास उडाला. पण कारण दुसरंच होतं आणि लक्षण तेच. आर्डुइनोच्या एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या) पिनेचा भार दाखवायला त्यांनी एक रोध लावला होता. आर्डुइनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपच्या डेटाशीटमध्ये ॲनालॉग इनपुटचा रोध १०० मेगाओहम दिलाय, म्हणून नेटलिस्टमध्ये '१००एम'. स्पाइस लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही. एम म्हणजे मिली. मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं. तर १०० मिलिओहमचा रोध आउटपुट ते ग्राउंड, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. गंमत म्हणजे ही ओळ पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये होती. आदर्श 'ई' स्रोताने ४६ ॲम्पिअर देऊन ४.६ व्होल्ट टिकवून धरले, त्यामुळे ती कधी उघडकीलाच आली नाही. प्रवाहाला मर्यादा असलेलं मॉडेल आल्यावर बिंग फुटलं. आदर्श घटक इतर चुका झाकतो, हा त्याचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो.

('एनजीस्पाइस' मध्ये दुसऱ्या कंपनीच्या बोलीतली मॉडेलं वाचायला सुसंगततेची खूण आधी लावावी लागते, आणि नेटलिस्टची पहिली ओळ ही नेहमी शीर्षक धरली जाते. तिथे लायब्ररी जोडायची आज्ञा लिहिली तर ती मुकाट्याने गिळली जाते. या दोन्ही गोष्टींत वेळ गेला, पण सांगण्यासारखं त्यात एवढंच.)

वरचं टोक सुटलं, खालचं नाही

'१००मेग' लिहिल्यावर वरचा सपाट भाग सिम्युलेशनमध्ये अवतरला, साधारण ३.५ व्होल्टला. बोर्डावर ३.६ होता. एलएम३५८ चं आउटपुट धन पुरवठ्याच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं. ५ व्होल्टवर चालवून त्यातून ४.६ मागणं हीच मूळ आखणीतली खोट, आणि डेटाशीटच्या पहिल्या तक्त्यातच ती कळायला हवी होती. मॅक्रोमॉडेलमध्ये ही मर्यादा एका डायोडने आणि एका बॅटरीने घातलेली असते. तिचं मूल्य डेटाशीटवरून बसवलेलं, म्हणून उत्तर बरोबर.

खालचा सपाट भाग मात्र आलाच नाही. शून्य प्रवाहाला मॉडेल शून्याजवळ जात होतं, बोर्ड ०.६२ वर. त्यातच आणखी एक विचित्र गोष्ट हाती लागली. आउटपुटला मुद्दाम १ किलोओहमचा भार लावून पाहिला, तर भाराचा प्रवाह वाढूनही ५ व्होल्टच्या स्रोतातून येणारा प्रवाह तितक्याने वाढला नाही. मग भारातला प्रवाह येतो कुठून? या साच्यात आउटपुटचे नियंत्रित स्रोत आतल्या एका काल्पनिक मध्यबिंदूला बांधलेले असतात, आणि तो बिंदू शेवटी नोड ० शी जोडलेला. नोड ० सबसर्किटाच्या आतही बाहेरचाच असतो. बाकी सगळी आतली नावं खासगी, फक्त ० सगळीकडे तोच. म्हणजे प्रवाह पुरवठ्याच्या टोकांतून न येता थेट ग्राउंडमधून उगवतो. लूपचं स्थैर्य, बँडविड्थ, स्लू रेट (आउटपुट किती झपाट्याने बदलू शकतं) यांसाठी हे चालून जातं. आउटपुटचा शेवटचा टप्पा प्रवाह कुठून खेचतो आणि कुठे सोडतो, हा प्रश्न असेल तर या मॉडेलला विचारून उपयोग नाही. आमचा प्रश्न नेमका तोच होता.

स्वतःचं सबसर्किट

एलएम३५८ च्या डेटाशीटमध्ये आतल्या सर्किटचं सरळ रूप छापलेलं असतं. त्यात आउटपुटला तीन गोष्टी लागलेल्या दिसतात. वर ढकलायला दोन एनपीएन, डार्लिंग्टन जोडणीत (एकाचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला). खाली खेचायला एक पीएनपी. आणि आउटपुटपासून ऋण पुरवठ्याकडे (इथे ग्राउंडकडे) ५० मायक्रोॲम्पिअरचा एक बारीक प्रवाहस्रोत. पीएनपीचा बेस फार तर ऋण पुरवठ्यापर्यंत खाली जाईल, मग त्याचा एमिटर, म्हणजे आउटपुट, त्याच्या वर एक जंक्शन राहणार, सुमारे ०.६५ व्होल्ट. त्याखाली पीएनपीचा उपयोग शून्य. ०.६५ पासून ग्राउंडपर्यंत आउटपुट ओढून नेणारा एकटा तो ५० मायक्रोॲम्पिअर.

तर हा टप्पा खऱ्या ट्रान्झिस्टरांनी लिहायचा आणि बाकी सगळं शक्य तितकं स्वस्त ठेवायचं, असं ठरलं. टोकांचा क्रम मुद्दाम उत्पादकाच्या फाईलसारखाच, म्हणजे एक्सची ओळ न बदलता मॉडेल बदलता येईल. आतली रचना:

इनपुटला ऑफसेटचा स्रोत, पॅरामीटर म्हणून. मग १३२ मायक्रोसीमेन्सचा ट्रान्सकंडक्टन्स (व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह देणारा घटक), ३० पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर ओतणारा. या दोन आकड्यांतून ०.७ मेगाहर्ट्झची युनिटी-गेन वारंवारता निघते. त्या प्रवाहाला ९ मायक्रोॲम्पिअरची कमाल मर्यादा, म्हणजे स्लू रेट ०.३ व्होल्ट दर मायक्रोसेकंद. समांतर ७६० मेगाओहम, एक लाखाच्या डीसी गेनसाठी. ('७६०मेग'. यावेळी कुणाला सांगावं लागलं नाही.) या नोडला पुरवठ्याच्या मर्यादेत ठेवणारे दोन डायोड, मग एक गेनचा बफर, आणि त्यापुढे आउटपुटचे ट्रान्झिस्टर:

क्यू१ व्हीपी बी ई१ एन१
क्यू२ व्हीपी ई१ आउट एन१
क्यू३ व्हीएन बी आउट पी१
.मॉडेल एन१ एनपीएन आयएस=१एफ बीएफ=१००
.मॉडेल पी१ पीएनपी आयएस=१एफ बीएफ=५०

क्रम नेहमी कलेक्टर, बेस, एमिटर. आयएस १०⁻¹⁶ च्या गृहीत मूल्यावर न सोडता १ फेम्टोॲम्पिअर ठेवला, कारण त्याने ५० मायक्रोॲम्पिअरला जंक्शन ०.६४ व्होल्टच्या घरात येतं. गृहीत मूल्याने ते ०.७ येतं. जिथे सगळी भानगड एका जंक्शनच्या व्होल्टेजवर उभी आहे तिथे ०.०६ व्होल्ट फुकट सोडायचे कशाला? '.मॉडेल' च्या ओळी '.एंड्स' च्या आत ठेवल्या, म्हणजे त्या याच सबसर्किटापुरत्या राहतात. बाहेर ठेवल्या असत्या आणि दुसऱ्या कुठल्या लायब्ररीतही 'एन१' निघाला असता, तर कुणाचा ट्रान्झिस्टर कुणाला मिळाला हे शोधत बसावं लागलं असतं.

५० मायक्रोॲम्पिअरसाठी विद्यार्थ्यांनी 'आय' हा आदर्श प्रवाहस्रोत आउटपुट ते ऋण पुरवठा असा लावला. चाचणी म्हणून ऑफसेट उणे २ मिलिव्होल्ट दिला आणि शून्य प्रवाहाला आउटपुट आलं उणे ०.१८ व्होल्ट. सर्किटमध्ये शून्याखालचा पुरवठाच नाही! आदर्श स्रोताला त्याच्या दोन टोकांत किती व्होल्टेज आहे याच्याशी देणं-घेणं नसतं. ग्राउंडच्या खाली जाऊनही तो तेवढाच प्रवाह ओढत राहतो. फीडबॅकचा लूप म्हणतो मला उणे २ गुणिले ९२ हवेत, आणि हा त्याला ते मिळवून देतो. आदर्श घटकाने पुन्हा एकदा तोच उद्योग केला. त्याच्या जागी दोन एनपीएनचा करंट मिरर (एका ट्रान्झिस्टरचा प्रवाह दुसऱ्यात उतरवणारी जोडी) टाकला. मिररचा ट्रान्झिस्टर ग्राउंडजवळ येताच संपृक्त होतो आणि ओढणं थांबतं. आउटपुट शून्याच्या किंचित वर थांबलं, डेटाशीट म्हणते तसं काही मिलिव्होल्टवर.

म्हणजे आमच्या मॉडेलनेही सांगितलं की आउटपुट शून्याजवळ जातं. ०.६२ अजून बाहेरच. पण आता मॉडेलला उलटा प्रश्न विचारता येत होता: आउटपुट ०.६५ वर अडकायला काय लागेल? उत्तर थेट होतं. आउटपुटमध्ये बाहेरून ५० मायक्रोॲम्पिअरहून जास्त प्रवाह शिरायला हवा. फीडबॅकचे रोध ०.६५ व्होल्टला ७ मायक्रोॲम्पिअर ग्राउंडकडे नेतात, तेव्हा ५७ च्या वर. बोर्डावर आउटपुटला एकच गोष्ट जोडलेली होती, आर्डुइनोची ए० पिन. आणि ती तर १०० मेगाओहम.

"कोडमध्ये पिनेचा पुलअप चालू आहे का?"

"नाही सर, आम्ही ॲनालॉगरीडच वापरलंय."

ॲनालॉगरीडच्या वर, सेटअपमध्ये, एक फिरता लूप होता. न वापरलेल्या पिना तरंगत राहू नयेत म्हणून सगळ्या पिना इनपुट-पुलअप केलेल्या, म्हणजे आतल्या रोधाने ५ व्होल्टला बांधलेल्या. चांगली सवय. त्या 'सगळ्या' मध्ये ए० सुद्धा होती. पुढे ॲनालॉगरीडने पुलअप आपोआप बंद होत नाही. या चिपचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहम. ५ व्होल्टवरून ०.६५ वर यायला त्यातून ८७ ते २१७ मायक्रोॲम्पिअर वाहणार. कुठलंही टोक धरा, ५७ च्या वरच. नेटलिस्टमध्ये ३५ किलोओहमचा रोध आउटपुट ते ५ व्होल्ट लावला: नव्या सबसर्किटाने शून्य प्रवाहाला ०.६५ व्होल्ट दाखवले, ०.७ ॲम्पिअरपर्यंत सपाट, मग रेघ आपल्या जागी. उत्पादकाच्या मॅक्रोमॉडेलला तोच रोध लावला तर फरक शून्य, कारण त्याचं आउटपुट दोन्ही दिशांना सारख्याच ताकदीने मिलिॲम्पिअर खेचतं.

बोर्डावर ए० ची वायर उपटली. मल्टिमीटर ०.६२ वरून ०.११ वर आला. ते ०.११ म्हणजे खरा ऑफसेट, १.२ मिलिव्होल्ट. सपाट भाग ०.७ ऐवजी ०.५५ ला का संपत होता, तेही त्यात आलं: रेघ आधीच एवढी वर सरकलेली होती.

काय बदललं

पुलअपच्या लूपमधून ए० वगळली. फीडबॅकचा ९१ किलोओहम काढून ६२ घातला, गेन ६३, म्हणजे ५ ॲम्पिअरला ३.१५ व्होल्ट, छताच्या सुरक्षित खाली. १० बिटांच्या एडीसीत एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, तेव्हा ओळखता येणारा सर्वांत लहान फरक आधी ५.३ मिलिॲम्पिअर होता तो ७.८ झाला. गटाला हे खटकलं. त्यावर ऑफसेटचं पॅरामीटर कामाला आलं. एक्सच्या ओळीत उणे ७, उणे २, ०, २, ७ मिलिव्होल्ट असे आकडे देऊन पाच रेघा काढल्या. ('२एम' लिहायचं. इथे मिलीच हवं होतं!) गेन काहीही ठेवा, १० मिलिओहमच्या शंटवर २ मिलिव्होल्ट म्हणजे ०.२ ॲम्पिअरच. त्यापुढे ७.८ मिलिॲम्पिअरची काळजी व्यर्थ. धन ऑफसेट सॉफ्टवेअरमध्ये वजा करता येतो. ऋण ऑफसेट असेल तर आउटपुट सुरुवातीला तळाला टेकलेलं राहतं आणि तेवढा प्रवाह दिसतच नाही, वजा करायला काही उरत नाही. या आयसीचा ऑफसेट धन निघाला हे नशीब. दुसऱ्या बोर्डासाठी म्हणून इनपुटला ५ व्होल्टवरून मोठ्या रोधाने थोडासा धन कल द्यायची जागा पीसीबीवर ठेवली आहे.

सबसर्किटाच्या फाईलमध्ये वर टिप्पणी लिहून घेतली: टोकांचा क्रम, आणि या मॉडेलमध्ये काय नाही. इनपुट बायस प्रवाह नाही, धन पुरवठ्याजवळ इनपुट नेल्यावर काय होतं ते नाही, नॉइज नाही, तापमानाबरोबर ऑफसेट सरकणं नाही. पुरवठ्याचा प्रवाह आहे, पण फक्त आउटपुट टप्प्यापुरता.

त्याच मॉडेलवर गटाने आपण होऊन आणखी एक गोष्ट करून पाहिली. चिपचा दुसरा अर्धा भाग मोकळा होता, त्यात त्यांना पुढे ध्वनीचा छोटा सिग्नल वाढवायचाय. आउटपुट १.७५ व्होल्टवर बसवून, कपॅसिटरमधून १० किलोओहमच्या भारावर १ व्होल्ट शिखराची साइन सोडली. तळाकडे जाताना भार १०० मायक्रोॲम्पिअर आत ढकलतो, ५० चा मिरर अपुरा पडतो, आणि डार्लिंग्टन सोडून पीएनपीने ताबा घ्यायच्या आधी बेसला दोन व्होल्टच्या आसपास उडी मारावी लागते. साइनच्या अंगावर तिथे खाच पडलेली दिसली. आउटपुट ते ग्राउंड ४.७ किलोओहम लावला आणि खाच गेली, कारण तळाशी असतानाही तो रोध दीडशेच्या वर मायक्रोॲम्पिअर ओढतो आणि पीएनपीवर पाळी येतच नाही. डेटाशीटच्या वापराच्या सूचनांत असा रोध लावायला सांगितलेलं आहे. मॅक्रोमॉडेलवर तोच प्रयोग केला तर रोध असो वा नसो, साइन सारखीच गुळगुळीत.